परसात पवनचक्की लावायची? आधी टेप घेऊन कुंपणापाशी जा

माझं माहेर साताऱ्याचं. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या बघत मोठी झाले, त्यामुळे इंग्लंडात लिंकनशायरच्या सपाट, वाऱ्याच्या गावात घर घेतलं तेव्हापासून परसात एक छोटी पवनचक्की हवी हे मनात होतं. ती आता फिरते आहे, पण तिच्यासाठी वर्षभर नियमांचा अभ्यास करावा लागला. इथल्या मराठी घरांमधून बरेच जण विचारतात, म्हणून सगळं लिहून काढते. हे नियम फक्त इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे वेगळे.

काही अटी पाळल्या तर काउन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) परवानगीचा अर्ज न करताही पवनचक्की लावता येते. याला ‘परमिटेड डेव्हलपमेंट’ म्हणतात. परसात स्वतंत्र खांबावर लावायची असेल तर जमिनीपासून पात्याच्या वरच्या टोकापर्यंत उंची 11.1 मीटरच्या आत हवी. पातं खाली येईल तेव्हा ते जमिनीपासून निदान 5 मीटर वर राहिलं पाहिजे. पाती फिरताना जेवढं वर्तुळ व्यापतात त्याचं क्षेत्रफळ 3.8 चौरस मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे व्यास साधारण 2.2 मीटर. घराला एकच पवनचक्की, आणि एअर सोर्स हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन घर गरम करणारं यंत्र) आधीच बसवलेला असेल तर ही सवलत मिळत नाही.

बहुतेकांचं गाडं अडतं ते हद्दीच्या अटीवर. पवनचक्कीची जेवढी पूर्ण उंची, त्यात आणखी दहा टक्के मिळवायचे. पात्यांसकट पवनचक्कीचा प्रत्येक भाग सगळ्या हद्दींपासून निदान तेवढा लांब राहिला पाहिजे. मला विक्रेत्याने सांगितलं होतं, ‘खांब 9 मीटरचा, हद्दीपासून 10 मीटर सोडा, झालं.’ मी आगाऊ पैसेही भरले. पाया खणायच्या आदल्या शनिवारी लेकीला टेपचं एक टोक धरायला लावून हिरवळीच्या मधोमध उभी राहिले. दोन्ही बाजूंच्या कुंपणापर्यंत 10.2 मीटर भरले. मग स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं, की उंची खांबाची नाही, पात्याच्या टोकाची धरायची असते. खांबाचे 9 अधिक पात्याचे 1.1, म्हणजे 10.1, त्यात दहा टक्के, म्हणजे 11.11. शिवाय अंतरही खांबापासून नाही, पात्याच्या टोकापासून मोजायचं, म्हणजे 10.2 मधून 1.1 गेले, उरले 9.1. दोन मीटर कमी पडत होते. खांब 7 मीटरचा केला. 8.1 चे झाले 8.91, आणि 19 सेंटिमीटर हाताशी राहिले. पाया खणून झाल्यावर हे कळलं असतं तर काय, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

हाच हिशेब उलटा मांडला, तर पूर्ण आकाराच्या पात्यांना टोकाची उंची निदान 7.2 मीटर लागते, म्हणजे पात्यांच्या टोकांपासून चारी बाजूंना सुमारे 8 मीटर मोकळे हवेत. सुमारे 18 मीटरपेक्षा अरुंद परस असेल तर पाती लहान घ्यावी लागतील. पण लहान पात्यांची वीजही तेवढीच कमी. वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर वीज आठ पटींनी घटते, म्हणून झाडांच्या आणि घराच्या आडोशाला तर मुळीच लावू नका.

छपरावर लावायची असेल तर घर चारी बाजूंनी सुटं हवं. एका बाजूने जोडलेल्या (सेमी-डिटॅच्ड) आणि ओळीतल्या (टेरेस्ड) घरांना ही सवलत नाही. पवनचक्की छपराच्या सर्वांत उंच भागापेक्षा (धुराडं त्यात धरत नाहीत) 3 मीटरपेक्षा वर जाता कामा नये, एकूण उंची 15 मीटरच्या आत हवी आणि कोणताही भाग हद्दीपासून 5 मीटरच्या आत येऊ नये. माझा सल्ला विचाराल तर छपराच्या नादी लागू नका. तिथे वारा घोटाळतो, आणि कंप भिंतींतून खोल्यांत उतरतो.

जागा कुठे आहे तेही बघा. वारसा यादीतल्या घराच्या आवारात ही सवलत चालत नाही, नॅशनल पार्कातही नाही. आमच्या लिंकनशायरमध्ये हवाई दलाचे तळ बरेच आहेत. विमानांच्या सुरक्षेसाठी राखलेल्या क्षेत्रात तुमची जमीन येते का, हे पहिल्याच दिवशी तपासा. घर नव्या वसाहतीतलं असेल तर वसाहतीची मूळ परवानगी काढून वाचा. कित्येकदा त्यातच ‘परमिटेड डेव्हलपमेंट’चे हक्क काढून घेतलेले असतात. घराच्या खरेदीखतातल्या अटीही बघा.

सगळं जुळलं तरी मी काउन्सिलकडून ‘लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट’ (काम कायदेशीर असल्याचा दाखला) घेतलंच. उद्या घर विकताना हा कागद उपयोगी पडेल. यंत्र आणि बसवणारा, दोन्ही एमसीएस (घरगुती वीजनिर्मितीच्या यंत्रांची प्रमाणन योजना) प्रमाणित घ्या; ते प्रमाणपत्र ग्रिडला दिलेल्या विजेचे पैसे मिळवतानाही मागतात.

आणि अर्जाच्या आधी शेजारी जा. मी शेजारच्या आजोबांकडे चहाला गेले, त्यांच्या खिडकीतून खांब कुठे दिसेल ते दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, ‘संध्याकाळी सावली माझ्या भाजीच्या वाफ्यांवर पडेल का?’ दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून बांबू रोवला आणि सूर्य मावळेपर्यंत बघत थांबलो. त्याची सावली आमच्याच हिरवळीवर राहिली.