स्टिअरिंग बदलल्यावर एअरबॅगचा दिवा लागला, हॉर्न मुका झाला? या चुका टाळा

बेस मॉडेलच्या गाडीला टॉप मॉडेलचं बटणांवालं स्टिअरिंग बसवून घ्यायची हौस नागपुरात कमी नाही. काम दिसायला सोपं आहे: मधला नट खोला, जुनं काढा, नवं बसवा. पण गाडी घरी येईस्तोवर मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा लागलेला असतो, हॉर्न वाजत नाही, आणि आवाज वाढवायचं बटण दाबलं की गाणंच पुढे सरकतं. मग फ्यूज बदलून पाहतात, स्टिरिओवर संशय घेतात, आणि शेवटी कोणीतरी सांगतो, "भाऊ, एअरबॅगचं मॉड्यूल उडालं." मॉड्यूलचे, म्हणजे एअरबॅगच्या कंप्युटरचे, पैसे मोजण्याआधी एक साधी गोष्ट बघा. स्टिअरिंगला हात लागेपर्यंत सगळं ठीक होतं ना? मग दोष बहुतेक वेळा स्टिअरिंग आणि ते ज्यावर बसतं तो कॉलम यांच्यामधल्या वीतभर जागेतच सापडतो.

त्या जागेत क्लॉक स्प्रिंग बसलेली असते. काही मेकॅनिक तिला स्पायरल केबल म्हणतात. प्लास्टिकच्या गोल डबीत कागदासारखी पातळ, चपटी पट्टी गुंडाळलेली असते. स्टिअरिंग फिरलं की ती एका बाजूला आवळते, दुसऱ्या बाजूला सैल होते, आणि एअरबॅग, हॉर्न, बटणं यांचा वीजपुरवठा तुटू देत नाही. तिचे फेरे मोजके असतात, बऱ्याच गाड्यांत मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण अडीच-अडीच. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीचं स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन-साडेतीन फेरे फिरतं. म्हणजे डबी मधोमध असेल तर पट्टीला दोन्हीकडे थोडी सूट राहते. ती दीड-दोन फेरे सरकून बसली, की एका बाजूची सूट संपलीच.

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. स्टिअरिंग काढलेलं असताना डबी हाताने फिरवून बघणं, किंवा त्याच अवस्थेत गाडी ढकलून बाजूला लावणं, ही नेहमीची चूक. पुढची चाकं वळली, कॉलम वळला, डबी मात्र जिथल्या तिथे. वर्धा रोडवर सरळ चालवताना काहीच कळत नाही. सीताबर्डीत पार्किंगमधून गाडी काढताना स्टिअरिंग पूर्ण कापलं, म्हणजे टोकापर्यंत वळवलं, की आतून बारीक 'कट्' असा आवाज येतो आणि पट्टी तुटते. म्हणून पुढची चाकं सरळ करूनच काम सुरू करा. शाफ्ट आणि स्टिअरिंगवर मार्करने एक रेघ मारून घ्या आणि डबीला टेप लावा. नव्या डबीला कारखान्यातूनच पिन किंवा टेप लावलेली येते, ती स्टिअरिंग बसवायच्या अगदी आधी काढा. डबी हलली अशी शंका असेल तर हलक्या हाताने एका टोकाला न्या आणि त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेले तेवढे फेरे उलट फिरवून खुणा जुळवा. दुसऱ्या मॉडेलचा आकडा इथे चालत नाही.

दोष शोधताना एकच प्रश्न विचारायचा: एकदम काय काय बंद पडलं?

एअरबॅगचा दिवा लागला आणि हॉर्न, बटणंही गेली, तर पट्टी तुटली आहे किंवा डबीचा खालचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) नीट बसलेला नाही. फक्त दिवा लागलाय आणि बाकी सगळं चालतंय, तर एअरबॅगचा पिवळा कपलर बघा. त्याला लॉक असतो, तो पूर्ण दाबला गेला नाही की दिवा लागतो. स्टिअरिंग डावीकडे कापल्यावरच हॉर्न जातो आणि सरळ केल्यावर परत येतो, असं असेल तर पट्टी अर्धवट तुटलेली आहे. तिला डाग देऊन जोडायच्या भानगडीत पडू नका. डबी नवीनच घ्या.

हॉर्नचं थोडं वेगळं आहे. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचं बटण करंट पाठवत नाही, रिलेला (हॉर्नला करंट सोडणाऱ्या स्विचला) अर्थ, म्हणजे अर्थिंग, देतं. त्यामुळे स्टिअरिंगमधली वायर कुठेतरी लोखंडाला चिकटली, की हॉर्न थांबायचं नावच घेत नाही. "भाऊ, हे तर वाजूनच राहिलं" असं झालं की आधी हॉर्नचा रिले किंवा फ्यूज काढा, मग स्टिअरिंग खोलून एअरबॅगच्या कव्हरखाली कोणती वायर दबली ते शोधा. उलट हॉर्न मुका असेल तर बटण दाबताना रिलेची 'टिक' ऐका. टिक आली, तर स्टिअरिंगची बाजू ठीक आहे, खुद्द हॉर्न आणि त्याच्या वायरिंगकडे जा. टिक नसेल तर बटण, डबी किंवा अर्थ. बाजारातलं स्पोर्ट्स स्टिअरिंग बॉस किटवर (बाहेरचं स्टिअरिंग शाफ्टवर बसवायच्या अडॅप्टरवर) बसवलं असेल तर पहिला संशय अर्थवरच.

त्या स्पोर्ट्स स्टिअरिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे: एअरबॅगवाल्या गाडीत ते बसवू नका. 1 जुलै 2019 पासून बनणाऱ्या प्रत्येक कारमध्ये चालकाची एअरबॅग सक्तीची आहे आणि आपण ती पैसे देऊन काढतो. वर दिवा दिसू नये म्हणून कपलरमध्ये रेझिस्टर खोचून, एअरबॅग जोडलेलीच आहे असं मॉड्यूलला भासवून देणारेही आहेत. त्याने दिवा विझतो, पण समोर पिशवीच नसते. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर कोणीतरी तो दाबून ठेवलाय असं समजा.

बटणांचा गोंधळ बऱ्याचदा बिघाड नसतोच. अनेक गाड्यांत प्रत्येक बटणामागे वेगळ्या मापाचा रेझिस्टर असतो आणि स्टिरिओ त्या मापावरून बटण ओळखतो. दुसऱ्या मॉडेलच्या स्टिअरिंगची मापं वेगळी, म्हणून व्हॉल्यूम दाबला की ट्रॅक बदलतो. बाहेरचा अँड्रॉइड स्टिरिओ असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये स्टिअरिंगची बटणं शिकवता येतात, कंपनीच्या स्टिरिओत ही सोय सहसा नसते. शिवाय बेस मॉडेलच्या डबीत बटणांच्या पिनाच नसू शकतात, आणि पुढे कॉलमच्या वायरिंगमध्ये त्या वायरीही नसतात. स्टिअरिंग विकत घेण्याआधी जुन्या डबीच्या कपलरमधल्या पिना मोजून घ्या. क्रूझ कंट्रोलच्या (वेग आपोआप कायम ठेवायच्या) बटणांचं तर विचारूच नका, इंजिनच्या कंप्युटरमध्ये क्रूझ नसेल तर ती शोभेचीच.

एक गोष्ट मात्र घरी करायचीच नाही. एअरबॅगच्या पिवळ्या वायरीला मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नका. मीटरचा थोडासा करंटही पिशवी उडवू शकतो. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, कारण मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो. काढलेली एअरबॅग कव्हर वर करून सावलीत ठेवा. मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा ती उन्हातल्या बोनेटवर ठेवणं हा वेडेपणा आहे. अपघाताच्या गाडीतून निघालेली सुटी एअरबॅग तर स्वस्तात मिळाली तरी नको, उडालेल्या पिशवीवर नवं कव्हर चिकटवून विकणारे असतात.

काही दिवे बॅटरी काढल्यामुळेच लागतात. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा किंवा ईएससीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा काही गाड्यांत दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग फिरवलं किंवा थोडं चालवलं, की आपोआप जातो. तरीही गेला नाही आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं दिसत असेल, तर ते शाफ्टवर एक दाता सरकून बसलंय. परत खोलून बसवा. अलाइनमेंटवाल्याकडून टाय रॉड फिरवून सरळ केलं, तर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर चुकीचंच सांगत राहील.

एअरबॅगचा दिवा दुरुस्तीनंतरही आपोआप जाईलच असं नाही. कपलर सुटा असताना कोणी इग्निशन ऑन केलं असेल तर मॉड्यूलमध्ये बिघाडाचा कोड साठून राहतो, तो स्कॅनर लावून पुसावा लागतो. ब्लूटूथचा स्वस्त रीडर बहुतेक इंजिनचेच कोड वाचतो, तेव्हा एअरबॅगचे कोड वाचणारा स्कॅनर असलेलं गॅरेज गाठा. कोड पुसला की गाडी जागेवरच दोन्ही बाजूंना पूर्ण कापून, प्रत्येक टोकाला हॉर्न आणि बटणं दाबून बघा. मजुरीचे पैसे त्यानंतर द्या.