शाळेची परसबाग करताय? या चुका टाळा

कोल्हापूरकडच्या करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या शाळांत परसबाग लावायला मी बरीच वर्षं जातोय. शाळा बदलते, गुरुजी बदलतात, चुका मात्र त्याच. दरवर्षी तेच तेच सांगून थकलो, म्हणून आता लिहून काढतो.

सगळ्यात जास्त नुकसान मी पाहिलंय ते मागून आणलेल्या फवारणी पंपानं. तीन बाजूंनी ऊस असलेली एक शाळा. पोरांनी टोमॅटो, वांगी, भेंडी लावलेली, कडेला मक्याची एक ओळ. वांग्यावर मावा दिसला म्हणून अर्धा किलो निंबोळीचा भुगा रात्रभर फडक्यात बांधून भिजवला, सकाळी गाळून दहा लिटर अर्क केला. इथवर सगळं बरोबर होतं. पण सोमवारी तपासणी होती आणि गुरुजींना घाई. शेजारच्या शिवारातनं पंप आणला. त्या पंपानं आदल्या आठवड्यात उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलेलं. "धुतलाय की दोनदा पाण्यानं, काय होत नाही," असं मालक म्हणाले आणि गुरुजींनी ते मानलं.

चौथ्या दिवशी मी गेलो तर टोमॅटोचे शेंडे खाली वळलेले, खोडाला दोरीसारखा पीळ, भेंडीची पानं चिरून बोटांसारखी झालेली. गुरुजींना वाटलं बोकड्या, म्हणजे पानं आकसण्याचा रोग, आलाय. दुकानदारानं त्यावर आणखी एक औषध दिलेलं. मी मक्याकडं बघितलं. मका ताठ आणि हिरवागार. तिथंच उलगडा झाला. रोग बहुतेक एका-दोन पिकांवर येतो. रुंद पानांची सगळी झाडं एकाच वेळी वाकडी झाली आणि मका-ज्वारी तेवढी धड राहिली, तर ते तणनाशकच समजा. तिसरीतल्या एका मुलीनं आपल्या झाडाला ओळखीसाठी लाल दोरा बांधलेला. "काका, हे परत सरळ होईल का?" तिला नाही म्हणावं लागलं. ती भाजी कुणाच्या पोटात जाता कामा नये म्हणून सगळं उपटलं.

हे औषध पंपाच्या नळीत, वायसरात, नोझलमध्ये मुरून बसतं. साध्या पाण्यानं ते जात नाही, आणि टोमॅटो, भेंडी, वांगी यांना त्याचा अंशसुद्धा बाधतो. शाळेला दोन लिटरचा हातपंप पुरतो. तो नवा घ्या, कुणाला देऊ नका, कुणाचा आणू नका. मी तर थोड्या माव्यासाठी पंप काढतच नाही. सकाळी दवात चुलीची राख चाळून टाकतो. शेजारी ऊस असेल तर मालकांना आधी भेटून या. वारं शाळेकडं असताना फवारू नका म्हटलं तर बहुतेक जण ऐकतात, कारण त्यांचीच पोरं शाळेत असतात.

दुसरी चूक सुट्टीची. शाळा जूनच्या मध्याला उघडते, उत्साहात सगळं एकदम लावलं जातं, आणि जुलैच्या पावसात मेथी-कोथिंबीर कुजते. मी गणपती गेल्याशिवाय मेथीला हात लावत नाही. पावसाळ्यात मांडवावर दोडका, कारली, काकडी आणि खाली अळू, पोकळा. मग दिवाळीच्या सुट्टीपासून मागं दिवस मोजा: मेथीला पंचवीस-तीस, मुळ्याला चाळीस-पंचेचाळीस, भेंडीचा पहिला तोडा पन्नासच्या आसपास. टोमॅटोला रोप लावल्यापासून दोन महिन्यांच्या वर लागतात, म्हणजे ऑगस्टअखेर लावलेला टोमॅटो नेमका सुट्टीत पिकतो आणि जाग्यावर सडतो. तो लावायचाच असेल तर शाळेजवळच्या तीन-चार घरांना आधीच सांगा: पाणी तुम्ही घाला, सुट्टीतला माल तुमचा. शिपायांवर सोपवलेली बाग मी अजून तरी जगलेली पाहिली नाही. एकट्या माणसावर सगळा भार टाकायचा आणि नंतर त्यालाच बोल लावायचा, हे मला पटत नाही.

वाफा सपाट करू नका. आपल्याकडं पश्चिमेला धो-धो पाऊस आणि पूर्वेला काळी चिकट जमीन, दोन्हीकडं मुळं गुदमरतात. वीतभर उंचीचा गादीवाफा हवा. रुंदी अडीच फूट, तीन नाही. तिसरीतल्या पोराचा हात मधोमध पोचत नाही, मग ते वाफ्यात पाय देतं.

कच्चं शेण घालू नका, त्यातनं हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. मी खत मुठीत घेऊन हुंगतो. शेणाचा वास आला तर परत पाठवतो.

दुकानातलं गुलाबी बी पोरांच्या हातात देऊ नका, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. पेरायला घरचे धणे, घरची मेथी चालते. धणे रगडून दोन फाकी करा.

उरलेला भात खतखड्यात गेला की उंदीर आलेच.

आणि कृपा करून ५ जूनच्या पर्यावरण दिनाच्या फोटोसाठी बाग लावू नका. त्या दिवशी रोप लावणारे हात पुढं पाणी घालायला येत नाहीत.

राहिली गोष्ट घरांची. एका गुंठ्यात शंभर पोरांच्या घरची रोजची भाजी होत नाही. रोज भाजी द्यायचं कबूल करून बसलात तर पालक कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतल्या ढिगाशी तुलना करतात आणि रुसतात. मी पाळी लावतो: रोज पाच पोरं, प्रत्येकी एक जुडी, वहीत नाव. कुठल्या घरात जास्त जुड्या लागतात हे वर्गशिक्षिकेला माहीत असतं. त्यांना ठरवू द्या, मोठ्यानं बोलू नका. शिवाय पावसाच्या तोंडावर प्रत्येक पोराच्या हातात दुधीचं एक बी आणि शेवग्याचा मनगटाएवढा जाड, तीन-चार फुटी फाटा देतो. दुधी मोरीच्या सांडपाण्यावर कौलावर चढतो, शेवगा परड्यात कुठंही धरतो, आणि शाळेला कुलूप असलं तरी घरात भाजी असते.