व्यस्त त्रिकोणमितीय फलांच्या किमती काढताना या चुका टाळा

साइन⁻¹(०.५) दाबल्यावर ३०ऐवजी ०.५२३६ आले, तर कॅल्क्युलेटर रेडियन मोडवर आहे, ३३.३३ आले, तर ग्रेडियनवर (काटकोनाचे १०० भाग धरणारे एकक). उदाहरणाला हात घालण्याआधी टॅन⁻¹(१) करून बघा. अंशांत काम करायचे असेल, तर ४५ दिसलेच पाहिजेत.

वरचा −१ हा घातांक नाही. साइन⁻¹(०.५) म्हणजे ‘ज्याचा साइन ०.५ आहे तो कोन’. हे सुटले की सेक⁻¹(२) साठी १ ÷ कॉस⁻¹(२) केले जाते आणि एरर येते, कारण कॉस⁻¹ला −१ ते १ मधलीच संख्या चालते. व्यस्त घ्यायचा तो आतल्या संख्येचा: कॉस⁻¹(१÷२) = ६०°.

कॉट⁻¹ला मात्र ही रीत डोळे झाकून लावू नका. कॉट⁻¹(−१) साठी टॅन⁻¹(−१) केले की −४५° मिळते. कॉट⁻¹ची मुख्य किंमत ०° ते १८०° मध्ये धरली असेल, तर संख्या ऋण असताना १८०° मिळवायचे, उत्तर १३५°. काही सॉफ्टवेअर −४५° हेच ठेवतात, तेव्हा आधी संकेत तपासा.

साइन⁻¹(साइन १५०°) = ३०°, १५०° नव्हे. साइन⁻¹चे उत्तर −९०° ते ९०° याबाहेर जात नाही. त्रिकोणात साइनच्या नियमाने कोन काढताना हेच नडते: कोन विशाल असला तरी कॅल्क्युलेटर लघुकोनच दाखवतो, १८०°मधून वजा करायचे काम आपले.

सर्वांत फसवे सूत्र बेरजेचे. टॅन⁻¹(२) + टॅन⁻¹(३) ला (क्ष + य) ÷ (१ − क्ष × य) लावले की ५ ÷ (−५) = −१, म्हणजे −४५°. दोन धन कोनांची बेरीज ऋण कशी येईल? कॅल्क्युलेटरवर ६३.४३° + ७१.५७° = १३५°. क्ष आणि य धन असून गुणाकार १पेक्षा मोठा असेल, तर सूत्राच्या उत्तरात १८०° मिळवावेच लागतात. दोन्ही ऋण असून गुणाकार १पेक्षा मोठा असेल, तर १८०° वजा करा.

टॅन(कॉस⁻¹(−०.६)) मध्ये ३-४-५चा त्रिकोण काढून ४/३ लिहिणारे पुष्कळ. कोन दुसऱ्या चरणात आहे, साइन ०.८ धन, कॉस ऋण, म्हणून उत्तर −४/३. पडताळताना मधला कोन १२७° असा पूर्णांकात घेतलात, तर −१.३३३३ऐवजी −१.३२७० येईल. मधली किंमत ‘आन्स’ (मागचे उत्तर जसेच्या तसे घेणाऱ्या) बटणानेच पुढे न्या.