कटऑफ बघून ‘मिळेल का’ ठरवताय? या चुका टाळा

इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठीच्या सीईटीचा निकाल लागला की एकच प्रश्न, ‘94 आलेत, कम्प्युटर ब्रँच मिळेल का?’ अरे पण 94 कसले, कुठल्या कॅटेगरीत, बारावी कुठून केली, हे सांगितल्याशिवाय उत्तर द्यायचं तरी कसं?

पहिली गफलत पर्सेंटाइलला मार्कांचे टक्के समजायची. पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली किती मुलं तुमच्या मागे आहेत ते. समजा 3 लाख मुलं परीक्षेला बसली, तर 1 पर्सेंटाइल म्हणजे 3 हजार मुलं, त्यामुळे ‘अर्ध्या पर्सेंटाइलनेच तर कमी आहे’ म्हणताना मध्ये दीड हजार जण उभे असतात. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, कटऑफ पीडीएफमध्ये पर्सेंटाइलसोबत मेरिट नंबरपण दिलेला असतो, मी तर आधी तोच बघतो.

दुसरं, चुकीचा कॉलम. ओपन कॅटेगरीचंच घ्या, जीओपनएच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (कॉलेज ज्या युनिव्हर्सिटीचं, तिच्याच हद्दीत बारावी केलेल्यांसाठी), जीओपनओ म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीवाल्यांसाठी, शेवटी एस असेल तर स्टेट लेव्हल, आणि सुरुवातीला जी ऐवजी एल असेल तर मुलींच्या सीट. नाशिकला बारावी केलेल्या मुलाने मुंबई युनिव्हर्सिटीच्या कॉलेजचा एच कॉलम बघून खूश होऊ नये, तिथे तो ओ मध्ये येतो. आणि राऊंड पण बघा, गेल्या वर्षीच्या तिसऱ्या राऊंडचा कटऑफ धरून पहिल्या राऊंडला नाव नाही म्हणून रडण्यात काय अर्थ.

सगळ्यात महाग पडते ती चूक म्हणजे चान्स बघून ऑप्शनचा क्रम लावणं. माझ्या भाचीने हेच केलं, ‘हे तर नक्की मिळेल’ म्हणून सेफ कॉलेज एक नंबरला टाकलं, पहिल्याच राऊंडला ते मिळालं आणि पहिला ऑप्शन असल्यामुळे ऑटो फ्रीझ झालं, म्हणजे सीट आपोआप पक्की झाली, बेटरमेंटचा, म्हणजे पुढच्या राऊंडला आणखी चांगलं मिळवायचा, विषयच संपला, त्याहून चांगली दोन कॉलेजं तिला नंतर मिळूही शकली असती. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालच्याचा चान्स कमी होत नाही हो, त्यामुळे क्रम आवडीचाच लावायचा, चान्सचा हिशोब फक्त यादी किती खालपर्यंत न्यायची त्यासाठी. 2025 पासून तर दुसऱ्या राऊंडला पहिले तीन आणि तिसऱ्याला पहिले सहा ऑप्शन ऑटो फ्रीझमध्ये गेलेत, म्हणजे वरचे सहा नीट विचार करूनच.

टीएफडब्ल्यूएसवाल्यांनी, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या सीटसाठी प्रयत्न करणाऱ्यांनी, एवढंच बघा, त्याचा चॉईस कोड (ऑप्शन भरताना टाकायचा कॉलेज-ब्रँचचा नंबर) वेगळा असतो आणि कटऑफ बऱ्याचदा त्याच ब्रँचच्या ओपनपेक्षाही वर जातो, तेव्हा त्याच ब्रँचचा साधा कोडपण सोबत भरा.