पिंग होतं पण साइट उघडत नाही? पॅकेटचा आकार तपासा

दापोली, गुहागर, मालवणकडे नेट अडकलं की पहिला संशय पावसावर आणि माडाला घासणाऱ्या केबलवर. पण लिनक्स कॉम्प्युटरवरून घरभर नेट वाटलंय, त्या कॉम्प्युटरवर सगळं नीट चालतंय, आणि मोबाइलवर मात्र मेसेज जातात पण काही साइट उघडतच नाहीत, असं असेल तर लाइनमनला बोलावू नका. केबल तुटली असती तर पिंगही (समोरचा कॉम्प्युटर उत्तर देतो का, ते पाहणारी छोटी चाचणी) झालं नसतं. इथे लहान पॅकेटं (नेटवरून जाणारे माहितीचे गठ्ठे) जातात, मोठी अडकतात.

युजरनेम-पासवर्डने जोडणाऱ्या पीपीपीओई कनेक्शनवर हे हमखास होतं. इथरनेटची मर्यादा १५०० बाइट. त्यातले ८ पीपीपीओईला लागतात, उरतात १४९२. लिनक्सला हे ठाऊक असतं, मोबाइलला नाही. पॅकेटवरच्या पत्त्या-नोंदींना, म्हणजे हेडरला, ४० बाइट जातात. म्हणून तो समोरच्या सर्व्हरला १४६० बाइटचे तुकडे पाठवायला सांगतो, खरं तर १४५२च मावतात. ‘पॅकेट मोठं आहे’ हा आयसीएमपी (नेटवर्कची अडचण कळवणारा) निरोप वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने अडवला, की सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. म्हणून आपल्या फायरवॉलमध्येही आयसीएमपी सरसकट बंद करू नका, कृपा करून.

आधी खात्री करा. लिनक्सवर रोमन अक्षर-आकड्यांत ‘पिंग -एम डू -एस १४७२’ (एम कॅपिटल) आणि पुढे एखादा पत्ता द्या. पिंगच्या हेडरचे २८ बाइट धरून हे १५०० होतात. हे अडलं आणि १४६४ गेलं, तर निदान पक्कं.

उपाय एका ओळीचा: मोबाइल सांगतो तो तुकड्याचा आकार लिनक्सनेच वाटेत कमी करायचा. रूटच्या (मुख्य प्रशासकाच्या) अधिकाराने, रोमन अक्षरांत टाइप करा:

आयपीटेबल्स -टी मँगल -ए फॉरवर्ड -पी टीसीपी --टीसीपी-फ्लॅग्ज सिन,आरएसटी सिन -जे टीसीपीएमएसएस --क्लॅम्प-एमएसएस-टू-पीएमटीयू

‘-ए’, फॉरवर्ड, सिन, आरएसटी, टीसीपीएमएसएस कॅपिटलमध्ये, बाकी सगळं लहान अक्षरांत. हा नियम नव्या जोडणीलाच लागतो, तेव्हा अडकलेलं पान बंद करून पुन्हा उघडा. ‘आयपीटेबल्स -टी मँगल -एल -व्ही -एन’ (एल कॅपिटल) दिल्यावर नियमासमोरचा आकडा वाढताना दिसला, म्हणजे काम झालं.

मात्र कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला की नियम पुसला जातो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाणं ठरलेलंच. डेबियन-उबुंटूवर आयपीटेबल्स-पर्सिस्टंट हे पॅकेज टाकून ‘नेटफिल्टर-पर्सिस्टंट सेव्ह’ आजच चालवा. आयपीव्ही६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) सुरू असेल तर तोच नियम आयपी६टेबल्सलाही वेगळा द्यावा लागतो. हा नियम टीसीपीपुरताच आहे; यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवर चालणाऱ्या व्हीपीएनला याचा उपयोग नाही, त्याचा एमटीयू (पॅकेटच्या आकाराची मर्यादा) त्याच्याच सेटिंगमध्ये कमी करा.