हेम्पचा बाम लावताय? आधी या चुका टाळा

बाम चोळायचा, वरून क्रेप बँडेज आवळायचं आणि त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपायचं. हा उद्योग कृपा करून बंद करा. कातडी पोळली की सगळे बामलाच नावं ठेवतात. चूक मात्र त्या पिशवीची असते.

डबीवर हेम्पचं, म्हणजे भांगेच्या झाडाचं पान छापलेलं असलं तरी आत एकटं हेम्प नसतं. बहुतेक बामांत पुदिन्याचं सत्त्व म्हणजे मेन्थॉल, कापूर, निलगिरी आणि गंधपुऱ्याचं तेल (विंटरग्रीन, ॲस्पिरिनच्या जातीचं) असतं. मेन्थॉलमुळे कातडीला गार वाटतं, म्हणून वरची पिशवी किती गरम आहे हे कळतच नाही. शेकानं रक्तवाहिन्या फुलतात आणि गंधपुऱ्याचं तेल नेहमीपेक्षा जास्त आत जातं. त्यात बँडेजनं वाफ कोंडलेली.

एका तालमीतल्या पोराचं असंच झालं. बैठका मारून गुडघा धरला होता आणि दोन दिवसांवर कुस्तीचं मैदान आलेलं. रात्री दोन बोटं भरून बाम, वर घट्ट पट्टा, त्यावर पिशवी, आणि तसाच झोपला. सकाळी पट्टा सोडताना तो कातडीसकट निघायला लागला, खाली द्राक्षाएवढे फोड. कुस्ती तर गेलीच, शिवाय पंधरा दिवस मातीत उतरता आलं नाही. गुडघा होता तसाच दुखत राहिला. घाई केली की दुखणं लवकर जातं, हा समज काही सुटत नाही.

शेक घ्यायचाच तर आधी घ्या. दहा-पंधरा मिनिटं पुरे. मग अर्धा तास थांबा, कातडी हाताला नेहमीसारखी लागली, घाम पुसला, की बाम लावा. गुडघ्याला हरभऱ्याएवढा, अख्ख्या कमरेला सुपारीएवढा. तळव्यानं दोन मिनिटं हलक्या हातानं जिरवा. तालमीतल्या मालिशसारखं रगडलं तर सुजलेला स्नायू आणखी दुखावतो. दिवसातून दोनदा, फार तर तीनदा. आग व्हायला लागली तर नुसत्या पाण्यानं धुऊन उपयोग नाही. बाम तेलकट असतो, म्हणून आधी खोबरेल लावून कपड्यानं टिपून घ्या, मग साबण. फोड आले तर फोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

दुसरी चूक डबी विकत घेतानाची. हेम्प, भांग आणि आयुर्वेदातली विजया हे झाड एकच, पण त्याचं बी वेगळं आणि पान वेगळं. लेबलवर ‘सीड ऑइल’ लिहिलं असेल तर ते बियांचं तेल. त्यात नशा नाही आणि सीबीडी (भांगेतलं नशा न आणणारं एक द्रव्य) हेही जवळजवळ नाही. ते कातडी मऊ ठेवतं, हात सरकायला मदत करतं. दुखणं हलकं वाटतं ते मेन्थॉल आणि गंधपुऱ्यामुळं. अशा डबीला नुसत्या पानाच्या चित्रापायी तिप्पट पैसे मोजणं आम्हाला तरी पटत नाही. ‘विजया पत्र’ किंवा ‘लीफ एक्स्ट्रॅक्ट’ असेल तर पानांचा अर्क. तो वैद्यांना विचारूनच घ्यावा, आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक लेबलवर पाहूनच घ्यावा. स्पर्धेत उतरणाऱ्या पैलवानांनी तर पानाच्या अर्काच्या वाटेला जाऊच नये. सीबीडी सोडलं तर भांगेतली बाकी द्रव्यं स्पर्धेच्या काळात उत्तेजकांच्या बंदी-यादीत आहेत, आणि चाचणीत काही सापडलं तर ‘बाम लावला होता’ हे कारण चालत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. खरचटलेल्या जागी लावू नका. मातीत घासलेली कोपरं आणि चप्पल लागलेली टाच यातच येतात. गरम पाण्याच्या अंघोळीच्या अर्धा तास आधी किंवा नंतर नको. नवी डबी असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला टिकलीएवढा बाम लावून एक दिवस थांबा. हात साबणानं धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. कापराचा बाम लहान मुलांना नको, त्यांच्या हाताला लागेल असाही ठेवू नका. कापूर पोटात गेला तर झटके येतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, ॲस्पिरिन सोसत नसेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गंधपुऱ्याचा बाम नको.

आणि डबी गाडीच्या डिकीत ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यात कोल्हापूरच्या दसरा चौकात तासभर उन्हात उभ्या गाडीत बाम पातळ होतो, संध्याकाळी गोठतो तो रवाळ. तोवर कापूर-मेन्थॉल बरंच उडून गेलेलं असतं. हेम्पच्या बियांचं तेल तर उन्हानं आणि हवेनं फार लवकर खवट होतं. झाकण उघडून वास घ्या: जुन्या खोबऱ्यासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा येत असेल तर टाकून द्या.

दुखणं आठवड्याभरात हललं नाही, पायाला मुंग्या येऊ लागल्या किंवा सांधा लाल होऊन तापला, तर बाम बाजूला ठेवा आणि तपासून घ्या. छातीत कळ येऊन डावा हात दुखत असेल तर बाम चोळत बसू नका, थेट दवाखाना गाठा.