डाय लावल्यावर लाकडावर डाग पडले तर काय करायचं

पाइनवुडच्या चौरंगाला लाल डाय, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, लावला आणि सुकल्यावर बघतो तर कुठे गडद, कुठे फिकट, वर सगळा रंग राख फासल्यासारखा. गणपतीच्या आधी घाईत केलं की हे हमखास होतं, आणि मग लगेच वरून दुसरा हात मारला जातो. प्लीज मारू नका, त्याने गडद आणखी गडद होतं आणि फिकट तसंच राहतं.

आधी नीट सुकू द्या, पावसाळ्यात मुंबईत म्हणजे रात्रभर पंख्याखाली. सुकलेला डाय मरगळलेलाच दिसतो, त्यात बिघडलं काही नाही. पाण्यातला डाय असेल तर कपड्यावर थोडं स्पिरिट घेऊन हलकं फिरवा, ओलं असताना जो रंग दिसतो साधारण तोच पॉलिशनंतर येणार. स्पिरिटमधला डाय असेल तर मात्र हे नको, रंगच निघून येईल.

आता डाग बघा. जोडाच्या कडेला बोटाएवढे पांढुरके ठिपके असतील तर तो बाहेर आलेला फेविकॉल, ओल्या फडक्याने पुसला तरी लाकडाच्या छिद्रांत बसतोच आणि तिथे रंग शिरत नाही. ब्लेडने खरवडा, 180 नंबरच्या सँडपेपरने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा, तेवढ्यालाच डाय लावा आणि कडा ओल्या फडक्याने मिसळून टाका.

पूर्ण फळीवरच ढगांसारखे डाग असतील तर तो पाइनचा स्वभाव आहे, सगळीकडे सारखं पीत नाही. कोमट पाण्याने पुसून जेवढा निघेल तेवढा रंग काढा, सुकवा, 220 ने घासा. मग 100 मिली स्पिरिटमध्ये 10 ग्रॅम चपडा लाख (पातळ पापुद्र्यांसारखी मिळते ती) रात्रभर विरघळवून, गाळून एक पातळ हात द्या, सुकला की 320 ने अगदी हलकं घासून परत डाय. रंग थोडा फिका येतो पण एकसारखा येतो, आणि मला विचाराल तर तेच महत्त्वाचं. फळीची कापलेली टोकं नेहमीच जास्त पितात, तिथे डाय पाणी घालून पातळ करून लावा. आणि हे सगळं उरलेल्या तुकड्यावर आधी करून बघा, खरंच.

पाण्याच्या डायवर पाण्याचंच पॉलिश ब्रशने मारलं की रंग ओढला जातो, म्हणून मधे लाखेचा एक हात द्यायचा. तो पाऊस चालू असताना दिलात तर हवेतल्या ओलीने पांढुरकी झाक येते. घासत बसू नका, उघडीप असेल तेव्हा स्पिरिटचा जेमतेम ओलसर बोळा भरभर फिरवला की बहुतेक वेळा जाते. खिडक्या उघड्या ठेवा, आणि त्या खोलीत तेव्हा समई, उदबत्ती, गॅस काही पेटवू नका.